आधी किल्ली, मग इमारत

गावात कलाकेंद्र बांधायचं ठरलं की पहिली बैठक क्षेत्रफळावर होते, दुसरी ठेकेदारावर आणि तिसरी उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर. तिथे रोज संध्याकाळी कोण काय करणार, हा विषय एकाही बैठकीत निघत नाही. म्हणून गावोगावची सांस्कृतिक भवनं एकसारखी दिसतात. वर पत्रे, खाली चकचकीत फरशी, एका टोकाला उंच स्टेज, दाराला कुलूप. लग्न असलं की उघडतात. एरवी आत खुर्च्यांची चळत आणि सिमेंटची पोती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वापरणाऱ्याला न विचारता बनवलेलं अ‍ॅप लोक दोन दिवसांत काढून टाकतात. भवन अनइन्स्टॉल करता येत नाही.

दोष फक्त सरपंचाचा नाही. खासदार निधीचंच बघा. वर्षाला 5 कोटी रुपये, पण ते टिकाऊ बांधकामासाठी. ढोलकी शिकवणाऱ्याचं मानधन किंवा वीजबिल त्यात बसत नाही. पैसे भिंतीला मिळतात, माणसाला नाही. मग भिंतीच उभ्या राहतात.

याच्या उलट कर्नाटकातलं हेग्गोडू. 1949 साली के. व्ही. सुब्बण्णा आणि सोबत्यांनी तिथे 'नीनासम' सुरू केलं. नाटकं आधी झाली, प्रेक्षागृह बऱ्याच वर्षांनी आलं, 1980 साली नाट्यशिक्षणाची संस्था निघाली. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यातच चित्रकथी आणि बाहुल्यांचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे काम आधी होतं, जागा त्याच्या मागून आली.

मग इमारत नकोच का? हवी, पण लहान. वीस बाय तीस फुटांची एक तालमीची खोली पुरते. भोवती रुंद पडवी, समोर अंगण, अंगणात फूट-दीड फूट उंच ओटा. दशावतार असो की भजन, आपली बरीचशी कला अंगणातच वाढली आहे. तिला हॉलमध्ये कोंडायची घाई कशाला? पत्रे टाळा, पावसात त्यांच्याखाली तबला ऐकू येत नाही. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशीने आवाज घुमतो, तर कौलांनी आणि जाळीच्या भिंतींनी तो आवरतो. वाद्यांसाठी कोरडी, हवेशीर खोली हवी, कारण दमट हवेत पखवाजाचं चामडं सैल पडतं. आणि बायकांसाठी दिवा आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर रात्रीच्या तालमीला फक्त पुरुष उरतात, आणि नंतर आपणच म्हणतो की मुली पुढे येत नाहीत.

सगळ्यात अवघड प्रश्न जागेचा. देवळाचा सभामंडप आहे की, असं कोणी म्हणालं तर विचारा, तिथे गावातली प्रत्येक वाडी निःशंक बसते का? केंद्र एका आळीत गेलं की ते त्या आळीचं होतं. किल्ली एका घरात गेली की त्या घराचं होतं. नकाशावर जात दिसत नाही, पण कुठल्या रस्त्यावर दार उघडतं यात ती असते.

पुढच्या ग्रामसभेत भवनाचा ठराव येईल, तेव्हा नकाशा बघण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: किल्ली कोणाकडे, शिकवणाऱ्याला पैसे कुठून, आणि मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आत काय चाललेलं असेल. उत्तरं नसतील, तर ठरावाला हात वर करू नका.