उर्वरित रक्कम आधी न्यायालयात भरावी

विसाराची रक्कम मोजून घेतली गेली, साठेखतावर साक्षीदारांच्या सह्या पडल्या, आणि पुढे मोजणी, बहिणींची हक्कसोड, सोसायटीचा बोजा उतरविणे अशा एकेका निमित्ताने खरेदीखत लांबणीवर पडत असतानाच त्या शिवारातून महामार्ग जाणार असल्याची वार्ता आली, की जमीनमालकाचे मन फिरते आणि ठरल्या भावाला जमीन देणे त्याच्या जिवावर येते. अशा वेळी खरेदीदाराला दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावण्यावाचून गत्यंतर नसते. कारण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे नुसत्या साठेखताने जमिनीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही.

असा दावा शाबीत झाला तरी खरेदीखत करून देण्याचा हुकूम करावा की केवळ पैशांवर वादीची बोळवण करावी, हे दीर्घकाळ न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविलेले होते. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्यात 2018 साली झालेल्या आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो विवेकाधिकार बव्हंशी काढून घेतला, आणि भाव चढला एवढ्याच कारणास्तव दिलेला शब्द फिरविणाऱ्या मालकाला आसरा मिळू नये या दृष्टीने ते योग्यच झाले.

परंतु याच व्यवहाराची दुसरी बाजू तितकीच क्लेशकारक आहे. अल्पशी रक्कम विसार म्हणून देऊन जमीन अडकवून ठेवावयाची, भाव वाढेल तसा नवे गिऱ्हाईक शोधावयाचे, आणि तीन वर्षांची मुदत संपत आली म्हणजे दावा दाखल करावयाचा, हा काहींचा धंदाच होऊन बसला आहे. मदुराईतील एका घराच्या साठ हजारांच्या सौद्यात केवळ पाच हजार देऊन, सहा महिन्यांची मुदत उलटल्यावरही सुमारे दोन वर्षे स्वस्थ बसलेल्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली करारपूर्ती नाकारली. मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षे म्हणजे झोप काढण्याची सवलत नव्हे, हा त्या निर्णयामागील विचार मला सर्वथा न्याय्य वाटतो.

आपण पैसे देण्यास सदैव तयार व इच्छुक होतो, हे विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 16 अन्वये खरेदीदारानेच सिद्ध करावयाचे असते. प्रत्यक्षात हा पुरावा दाव्यानंतर कित्येक वर्षांनी, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घेतला जातो: पासबुकात त्या महिन्यात शिल्लक किती होती, मेहुणा हातउसने देणार होता त्याला कागद काय, दागिने मोडणार होता तर ते कोणाचे, अशा उलटतपासात प्रामाणिक माणूस गोंधळतो आणि मुरलेला दलाल सहीसलामत सुटतो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की दावा दाखल होताच, फार तर तीन महिन्यांत, उर्वरित संपूर्ण रक्कम न्यायालयात भरण्याचा हुकूम व्हावा, ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहावी आणि निकालाप्रमाणे व्याजासह ज्याची त्यास मिळावी. त्यासाठी नवा कायदा नको. रक्कम भरण्यास फर्माविण्याचा अधिकार न्यायालयाला आजही आहे, फक्त तो अपवादाऐवजी परिपाठ झाला पाहिजे.

यावर आक्षेप येईल, की वादग्रस्त जमिनीवर बँक कर्ज देत नाही, मग गरीब खरेदीदाराने काय करावे? आक्षेप खरा आहे, आणि कर्जमंजुरीचे पत्र ज्याने वेळेवर मिळविले होते त्याला हप्ते बांधून देण्याची मुभा न्यायाधीशांनी अवश्य ठेवावी. मात्र ज्याच्याजवळ पैसाही नाही आणि पैशाची तजवीज केल्याचा कागदही नाही, त्याच्यासाठी शेतकऱ्याची जमीन वर्षानुवर्षे मनाई हुकुमाखाली गोठवून ठेवणे हा त्या शेतकऱ्यावर उघड अन्याय आहे. लेकीचे लग्न वा दवाखान्याचा खर्च निघाला, तरी त्याला ती जमीन ना विकता येते, ना तारण ठेवता येते.

हुकूमनामा झाल्यावरही विक्रेता सही करीत नसेल, तर दरखास्तीत न्यायालय त्याच्या वतीने खरेदीखत करून देते. पैसे आधीच जमा असतील, तर दस्त नोंदला जाताच मूळ मालकाने अर्ज देऊन आपली रक्कम व्याजासकट उचलावी, आणि खरेदीदाराने तो दस्त घेऊन फेरफारासाठी तलाठ्याकडे जावे. पैसे कोणी, केव्हा, किती भरावयाचे यावरून दरखास्तीत जो दुसरा दावाच उभा राहतो, त्याला मग जागाच उरणार नाही.