समंदरसिंगाची राखी

टेंभुर्णीसारख्या लहान गावाला साधू-साध्वींचा चातुर्मास दरवर्षी लाभत नाही. मग पर्युषणात बाहेरगावचे स्वाध्यायी येतात आणि आठ दिवसांत अंतगडसूत्राचे आठ वर्ग वाचून दाखवितात. सहाव्या वर्गात अर्जुनमाळ्याची कथा येते. राजगृहीचा हा माळी. त्याच्या डोळ्यांदेखत सहा गुंडांनी त्याच्या पत्नीची विटंबना केली. मग यक्षाच्या आवेशात तो रोज सहा पुरुष आणि एक स्त्री मारीत सुटला. सुदर्शन श्रावकाच्या धैर्यापुढे तो आवेश उतरला, भगवंतांजवळ त्याने दीक्षा घेतली आणि गोचरीसाठी तो त्याच राजगृहीत फिरू लागला. ज्यांचे आईबाप, भाऊ, मुले त्याने मारली होती, त्यांच्याच दारांत. लोकांनी शिव्या दिल्या, मारले. त्याने समभावाने सोसले.

कथेचा सारा प्रकाश अर्जुन मुनींच्या समतेवर आहे आणि तो तसाच असावयास हवा. पण दारात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या मनात पुढे काय झाले, ज्याचा बाप याच हातांनी मारला गेला होता, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. यंदा त्या प्रश्नाला थोडा उजेड मिळाला, तो एका ख्रिस्ती चित्रपटातून.

‘द फेस ऑफ द फेसलेस’ हा तो चित्रपट, २०२३ सालचा, दिग्दर्शक शायसन पी. औसेफ. तो सिस्टर राणी मारिया यांच्यावर आहे. १९५४ मध्ये केरळातील पुल्लुवळी येथे जन्मलेल्या या साध्वी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकले. अंगावर ५४ जखमा होत्या. बस प्रवाशांनी भरलेली होती. कोणी उठले नाही.

छळ, हौतात्म्य आणि क्षमा या विषयावरील चित्रपट ख्रिस्ती समाजात पुष्कळ निघतात. त्यांत धर्मप्रचाराचा अंश असतो, खलपुरुष पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो आणि संगीत आपल्याला रडविण्याची फार घाई करते. हे सारे गृहीत धरूनच मी पाहावयास बसलो होतो. परंतु हा खून मुळात कशासाठी झाला ते लक्षात आले आणि मी सावरून बसलो. राणी मारिया आदिवासींना बँकेचे कर्ज मिळवून देत, सरकारी योजनांचे अर्ज भरावयास शिकवीत, सावकाराच्या वहीतून त्यांचे नाव सुटावे म्हणून झटत. गावातील सावकार आणि बडे लोक यांना ते सोसवेना. समंदरसिंगाला त्यांनीच पुढे केले.

वाचकहो, सावकार हा शब्द आपल्या घरांत परका नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, वह्या आणि रोखे जाळले, आणि तो वणवा पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. ते सावकार बहुतांशी मारवाडी आणि गुजराती होते. माणसांना इजा त्या मानाने फारच थोडी झाली. लोकांचा राग कागदावर होता. आपण ही हकीकत सांगतो तेव्हा बहुधा आपल्यावर ओढवलेले संकट म्हणून सांगतो. त्या कागदांत काय लिहिले होते, तिकडे आपण सहसा वळत नाही.

समंदरसिंगाला जन्मठेप झाली. तो तुरुंगात सूडाच्या विचाराने जळत होता. आपल्याला चिथावून हे लोक नामानिराळे राहिले, याचा सूड. स्वामी सदानंद या ख्रिस्ती साधूंनी त्याच्याकडे जाणे-येणे सुरू केले. पुढे २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या खुन्याच्या मनगटाला तिने राखी बांधली. त्याची सुटका व्हावी या अर्जाला मृत साध्वीच्या घरच्यांनीच पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो पुल्लुवळीला गेला, तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्या आईवडिलांनी त्याला दारातून परतविले नाही. कॅथरीन मॅकगिलव्हरी यांनी २०१३ मध्ये त्याच्यावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट काढला. समंदरसिंग शेतकरी आहे. आपल्या शेतातील गहू तो राणी मारियांच्या समाधीवर नेऊन वाहतो.

राजगृहीच्या दारातील माणूस मला पुल्लुवळीत भेटला, तो असा.

आता व्यापारी मन विचारील, की मग सगळेच माफ करीत बसावयाचे काय? याचे उत्तर दुसऱ्या एका चित्रपटाच्या नायिकेकडे आहे. ‘द लीस्ट ऑफ दीज’ हा २०१९ सालचा चित्रपट ग्रॅहम स्टेन्स यांच्यावर आहे. शर्मन जोशी त्यात पत्रकार झाले आहेत. ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे स्टेन्स, त्यांचा दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, तिघांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे गाडीत झोपलेले असताना जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली; मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, हेही त्यांनी सांगितले. न्यायालयाचे काम चालूच राहिले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस विधवा झाल्यावरही काही वर्षे कुष्ठरोग्यांतच राहिल्या. मला हा हिशेब पटतो. वैर सोडले म्हणजे खाते फाडले, असे होत नाही.

पण ही झाली क्षमा करणाऱ्याची बाजू. संवत्सरीला आपण उभे राहतो ते क्षमा मागणाऱ्याच्या जागी. आणि मागावयाची तर चूक ठाऊक हवी.

माझ्या मोबाइलमध्ये खमतखामणाची एक यादी आहे. प्रतिक्रमण आटोपले की एका बोटाने तीनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. त्यांत सगेसोयरे आहेत, जालन्याच्या मोंढ्यातील आडते आहेत, औषधाचे एजंट आहेत. त्यांतील एकाशीही माझे वैर नाही. आमच्या माळ्यावर आजोबांच्या लाल बासनातील वह्या आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या एका वहीत जवळच्याच एका शेतकऱ्याचे खाते आहे. मुद्दल केव्हाच फिटले होते. व्याजापोटी चार एकर जमीन आमच्या नावावर झाली. कागद पक्के होते, त्यांत बेकायदा काही नव्हते. त्या जमिनीतून माझे आणि माझ्या दोन्ही बहिणींचे शिक्षण झाले. त्या शेतकऱ्याचा नातू बाजारात समोरून येतो, तेव्हा आम्ही दोघेही दुसरीकडे पाहतो. त्याचे नाव यादीत नाही.

हे मी घरात बोललो. मुलगा म्हणाला, “पप्पा, त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. यादीत घालू का?” मी नको म्हटले. तेथे मेसेज पाठवून भागणार नाही, स्वतः जावे लागेल. जाताना ती वही बरोबर न्यावी की नाही, आणि त्याने चार एकरांचे विचारले तर काय बोलावे, हे मात्र अजून ठरलेले नाही. संवत्सरीला अठरा दिवस आहेत.