परतीचे घर नसलेले कलावंत

शिमग्यात कोकणातील गावोगावी साडी नेसलेला पुरुष राधा होऊन अंगणात नाचतो आणि घरोघरी त्याच्या खेळाला पोस्त मिळते. त्याचे खासगी जीवन हा येथे प्रश्न नाही. बहुधा तो चारचौघांसारखा संसारीच असतो. प्रश्न गावाचा आहे. रंग उतरल्यावरही ज्याला राधाच राहायचे असते, किंवा ज्याचा जीव पुरुषावरच जडतो, त्याला तेच गाव उंबरठ्याबाहेर काढते. मग पेण वा रोहा स्थानकावरून मुंबईची गाडी धरणे एवढीच वाट त्याच्यापुढे उरते.

रायगड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. येथील कष्टकऱ्याने खोती सोसली, १९३३ पासून चरीचा संप लढवला आणि पोटासाठी मुंबईची गिरणीही गाठली. परंतु त्या स्थलांतराला एक आधार होता. १९८२ च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा हजारो कामगार कोकणात परतू शकले, कारण तेथे घर होते, भावकीत वाटा होता, दोन वेळचा भात होता. कुटुंब हाच गरिबाचा विमा असतो. समलिंगी वा तृतीयपंथी स्थलांतरिताचा नेमका हाच विमा हिरावला जातो. २०२० च्या टाळेबंदीत लाखो श्रमिक गावाकडे चालू लागले. ज्यांना गावच उरले नव्हते त्यांनी कोठे चालावे? म्हणून हा प्रश्न केवळ नीतीचा किंवा आवडीनिवडीचा नाही. तो मालमत्तेचा, भाड्याच्या खोलीचा आणि मजुरीचा आहे.

‘आधी भाकरी, मग हे शहरी प्रश्न’ असा आक्षेप कार्यकर्त्यांतूनही ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी या चळवळीच्या अग्रभागी कोण उभे राहिले ते पाहावे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्या खटल्यातील पहिले याचिकाकर्ते नवतेज जोहर हे भरतनाट्यम् नर्तक होत. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख यांनी भटक्या समाजाचे आणि तृतीयपंथीयांचे दुःख कवितेत मांडले आणि त्याच आवाजात वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून राजकारणही केले. त्यांच्या अनुभवात जात, भटकेपण आणि लिंगभाव यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. भाकरीचा प्रश्न त्यांनी कधी बाजूला ठेवलेला नाही.

कला आणि लढा यांची ही सांगड समाजवाद्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह लाल बावटा कलापथक उभारले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर घडले. गाव सोडावे लागलेल्या माणसाची वेदना वगातून आणि पोवाड्यातून सभेपर्यंत आणणारी हीच परंपरा होय. तिच्या व्यासपीठावर आजच्या बहिष्कृत कलावंताला जागा नसेल, तर परंपरेचे नाव घेण्याचा अधिकारही उरत नाही.

मात्र जागा म्हणजे सभेपूर्वीचे एखादे गाणे आणि शाल-श्रीफळ नव्हे. टाळ्यांनी खोलीचे भाडे भागत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागास मानून आरक्षण देण्याचा आदेश दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने, समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, अशी सूचना राज्यांना दिल्याचे जाहीर केले. कागदावरील ही सूचना पुरवठा शाखेच्या खिडकीपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

पेण आणि रोह्याच्या तहसील कचेऱ्यांत या सूचनेची अंमलबजावणी होते काय, याची विचारणा शाखांनी लेखी करावी. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती कारखान्यांत आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत संघटना बांधताना, लिंगभावावरून कोणाचे काम जाऊ नये, ही मागणी मजुरीच्या मागणीच्या शेजारी लिहावी. आणि शिमग्याला राधेसमोर पोस्त ठेवणाऱ्या गावाला विचारावे, की शिमगा सरल्यावर तिने राहायचे कोठे?