सभापतींची दुसरी मिळकत

न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेचे माजी सभापती शेल्डन सिल्व्हर २४ जानेवारी २०२२ रोजी, शिक्षा भोगत असतानाच मरण पावले. मरणाबरोबर वैर संपते, हा आपला संस्कार; तेव्हा गेलेल्या माणसाच्या नावाने बोटे मोडण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. परंतु एकवीस वर्षे ज्यांच्या संमतीवाचून त्या राज्याचे अंदाजपत्रक पुढे सरकत नव्हते, त्यांचा शेवट असा का व्हावा, याचा विचार मतदार म्हणविणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

सिल्व्हर हे आयत्या बिळावरचे नागोबा नव्हते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, लोखंडी सामानाच्या एका दुकानदाराच्या घरी ते वाढले. १९७६ साली निवडून आले, १९९४ साली सभापती झाले आणि त्या आसनावरून त्यांनी पाच गव्हर्नर पाहिले. भाडेकरूंचे कैवारी ही त्यांची ख्याती सर्वस्वी खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. खरी मेख येथेच आहे.

आमदारकी सांभाळून वकिली करण्यास तेथील कायद्याची मुभा होती. त्या मुभेच्या आडोशाने काय चालले होते? ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांच्या कार्याला सभापतींनी सरकारी पैशातून पाच लाख डॉलर मिळवून दिले. डॉक्टर आपल्या रोग्यांची नावे सभापतींना कळवीत; सभापती ती वकिलांच्या एका मोठ्या पेढीकडे धाडीत आणि प्रत्येक दाव्यामागे आपला हिस्सा घेत. अशी तीस लाखांहून अधिक डॉलरची प्राप्ती झाली. दुसरीकडे, सरकारशी ज्यांचे हितसंबंध गुंतले होते असे बडे इमारतवाले एका लहानशा वकिलाकडे वळविले गेले आणि त्याच्या फीतून सुमारे सात लाख डॉलर सभापतींच्या खिशात पडले. भाडेकरूंचा कैवारी आणि घरमालकांचा छुपा भागीदार, दोघे एकाच खुर्चीत!

२२ जानेवारी २०१५ रोजी त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात सातही आरोप सिद्ध झाले. २०१६ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. २०१८ मध्ये फेरखटल्यात सात वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये रोग्यांच्या प्रकरणातील दोषसिद्धीच रद्द झाली. पैसा घेताना त्याच्या मोबदल्यात कोणते सरकारी काम व्हायचे हे ठरलेले असले पाहिजे, असा कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. इमारतवाल्यांचे प्रकरण तेवढे टिकले आणि शिक्षा साडेसहा वर्षांवर आली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मरणोन्मुख रोग्यांच्या नावांवर हिस्सा घेणे, ही मनाला सर्वात झोंबणारी गोष्ट. आणि शेवटी गुन्हा म्हणून उरली नाही ती नेमकी तीच! न्यायालयाला आम्ही दोष देत नाही. गुन्हा काटेकोरपणे सिद्ध व्हावा, यातच नागरिकाचे संरक्षण आहे. परंतु म्हणूनच सार्वजनिक नीतीची राखण केवळ न्यायालयावर सोपवून चालत नाही. कायदा हे वरातीमागून येणारे घोडे आहे.

वरातीपुढे कोण होते? सभापतींच्या या मिळकतीची चौकशी चालू असल्याचे वृत्त डिसेंबर २०१४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही अटकेच्या अवघ्या पंधरा दिवस आधी त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी त्यांनाच पुन्हा सभापती निवडले. ज्यांना विचारण्याचा अधिकार होता, त्यांनी विचारले नाही. बाहेरच्या मिळकतीला मर्यादा घालणारा कायदा त्या विधिमंडळाने संमत केला तो २०२२ च्या डिसेंबरात, सिल्व्हर यांच्या मृत्यूनंतर.

आमचे मत स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधीने आपल्यासाठी काय केले, हे मतदार नेहमी विचारतो. त्याचे घर कशावर चालते, हेही त्याने तितक्याच निर्भयपणे विचारावे. पहिल्या प्रश्नाने रस्ते आणि शाळा मिळतात. दुसऱ्या प्रश्नाने प्रतिनिधी आपला राहतो.