वाडा तिसऱ्या मजल्यावर

दिवाळी अंकासाठी या वेळी गृहसजावटीवर लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा आमच्या घरात प्रथम हसू पिकले. ज्या गृहस्थाला स्वतःच्या टेबलावरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेळेवर हलविता येत नाहीत, त्याने चारचौघांना घर कसे लावावे हे सांगायचे! परंतु गेल्या वर्षभरात आमच्याकडे जे घडले, ते या सदराच्या नेहमीच्या वाचकांना सांगण्याजोगे आहे. त्यात माझी शोभा झाली, घराची नंतर.

प्रारंभ झाला तो एका स्नेह्यांच्या नव्या ब्लॉकपासून. वास्तुशांतीला गेलो होतो. दारातच पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. आत गेलो, तो जात्यावर काच ठेवून केलेले टीपॉय. दगडी उखळात पामचे झाड. भिंतीवर बैलगाडीचे चाक. फडताळाच्या दोन कोरीव दारांआड टीव्ही लपविलेला. सोफ्यावर खणाच्या उशा. "हल्ली याचीच आवड आहे. जुनं, पण ताजं!" यजमान म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. परतताना रिक्षात सौभाग्यवती गप्प होती. लग्नाला अठरा वर्षे झाली म्हणजे गप्प बसण्याचेही प्रकार कळू लागतात. हा प्रकार खर्चिक होता.

"आपल्या वाड्यात हे सगळं खरंखुरं धूळ खात पडलंय," ती शेवटी म्हणाली.

ते खरे होते. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला द्यायचे ठरले होते आणि चैत्रापर्यंत तो रिकामा करून द्यायचा होता. वाडा म्हटल्यावर कुणी विश्रामबागवाडा डोळ्यांपुढे आणू नये. तो दुसऱ्या बाजीरावाचा. १८०७ साली पुरा झाला, आणि त्याचे सुरूचे खांब पाहायला आजही लोक रस्त्यात थांबतात. आमच्याकडे तसले खांब दोनच होते आणि त्यांतल्या एकाला माझ्या चुलत्यांनी सायकल बांधायची साखळी कायमची ठोकून ठेविली होती. एक चौक, एक हौद, ओटी, माजघर, वर कडीपाटाच्या चार खोल्या आणि त्यांत कोणे एके काळी चौदा माणसे.

वस्तूंची वाटणी झाली. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण, तिघांत एकदाही आवाज चढला नाही. याचे श्रेय आमच्या स्वभावाला नसून प्रत्येकाच्या ब्लॉकच्या क्षेत्रफळाला आहे. मोठे जाते कुणालाच नको होते. मी मात्र हावरटासारखे आणले: ओटीवरचा झोपाळा, काचेच्या दोन हंड्या, घंगाळ, बंब, सहा पितळी डबे, दोन समया, पानाचा डबा, अडकित्ता आणि रविवर्म्याच्या छापखान्यातले लक्ष्मीचे चित्र, चौकटीसह. टेम्पोवाल्याने तिसऱ्या मजल्याचे वेगळे पैसे घेतले, ते योग्यच केले.

मग मी, सौ. आणि चि. कन्या असे तिघे सजावटीला लागलो. कन्या मोबाइलवर नमुने दाखवी आणि आम्ही ठोके मारू. आमची बाहेरची खोली सोळा फूट बाय अकरा, उंची साडेनऊ. तीत वरील सर्व ऐवज मावला. मावला म्हणजे, माणसे सोडून मावला. हंडीची साखळी वाड्यातल्या उंचीची. ती तशीच टांगल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी माझे कपाळ तिला भेटले. बंब कोपऱ्यात उभा केला. येणारा प्रत्येक जण त्यात छत्री ठेवी. समईत विजेचा बारका दिवा बसविला. डब्यांची उतरंड टीव्हीशेजारी रचली. चार दिवसांनी मी कॉलेजातून आलो, दार उघडले आणि क्षणभर वाटले, आपण चुकून रविवारच्या जुन्या बाजारात आलो. विक्रेता तेवढा नव्हता. त्या जागी मी होतो.

या सगळ्या काळात आई तिच्या खोलीत होती. तिचे वय शहात्तर. वाडा सोडून ती आमच्याकडे आली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. मी तिला हाताला धरून बाहेर आणले. मनात अशी खात्री, की आता तिचे डोळे भरून येणार.

तिने सगळीकडे एकदा पाहिले. घंगाळापाशी थांबली. बोटाने त्याचा काठ पुसला, बोट पाहिले.

"हे कोण घासणार?" तिने विचारले.

"अगं, हे शोभेचं आहे."

"शोभेचं तुला. मी एकोणसत्तर साली या घरात आले. गीझर आला एक्क्याण्णव साली. बावीस वर्षं रोज पहाटे हा बंब पेटवला आणि हे घंगाळ घासलं. चिंच नि राख. थंडीत हौदाचं पाणी. नखांत काळं जायचं नाही, तर तुझी आजी म्हणायची, हळदीकुंकवाला जाताना हात पदराखाली घे. तुला यातलं ऊन पाणी आठवतं, नाही का? आठवणारच. तू त्यातून पाणीच घेतलंस."

यात राग मुळीच नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना. पंचवीस वर्षे मी वर्गात शब्दांचे अर्थ सांगत आलो. घंगाळ या शब्दाचा अर्थ मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळला. सौ.ने त्याच रात्री घंगाळ पलंगाखाली सरकविले आणि सजावटीचे काम आठ दिवस तहकूब झाले.

त्या आठवड्यात कन्येच्या शाळेच्या प्रकल्पानिमित्त आम्ही दोघे केळकर संग्रहालयात गेलो. मी ते लहानपणापासून किती वेळा पाहिले असेल! दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. या वेळी मात्र आईचे शब्द कानात होते, त्यामुळे मी निराळेच पाहू लागलो. अडकित्ते, दौती, दिवे, पाय घासायच्या वज्री. मोराच्या आकाराचा अडकित्ता, पण त्याने सुपारी कातरायची. वज्रीवर पक्षी, पण तिने टाचेचा मळ काढायचा. पुष्कळशी नक्षी अशी कामाच्या वस्तूंवरच चढलेली. आमच्या वाड्यातही नुसती पाहायची म्हणून ठेविलेली वस्तू मला आठवेना. रविवर्म्याच्या लक्ष्मीलासुद्धा रोज फूल वाहावे लागे. मी घरी जे मांडले होते, ते नेमके याच्या उलट. प्रत्येक वस्तूचे काम काढून घेतले होते आणि ती सुंदर दिसावी असा हट्ट धरला होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. आपण ज्याला परंपरा म्हणून डोक्यावर घेतो, ती आजोबांच्या काळची नवी टूमच होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, तो जर्मनीहून आणलेल्या यंत्रांवर. कोकणातल्या घरावरची लाल मंगळुरी कौले आपण अनादि समजतो. त्यांचा पहिला कारखाना मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला काढला. आजोबांनी त्या त्या वेळी जे नवे आणि उपयोगी दिसले, ते घरात घेतले. मग आम्हीच का म्हणून सोवळे पाळावे?

पुन्हा कामाला लागलो, या वेळी उलट्या क्रमाने. आधी काढले, मग ठेविले. नियम एकच केला: वस्तूला काम मिळाले तर तिने बाहेरच्या खोलीत राहावे, नाही तर भावाबहिणींकडे किंवा मोडीत जावे. भिंतींचा आमसुली रंग (तो मीच निवडला होता) घालवून चुन्याच्या जवळचा, न चकाकणारा पांढरा दिला. पितळ आणि जुने शिसव उजळ भिंतीपुढेच खुलते. गडद भिंतीपुढे दोन्ही रुसल्यासारखी दिसतात. पडद्यांना साधे जाडेभरडे सुती कापड घेतले. खणाच्या उशा सौ.ला हव्याच होत्या. तिने दोनच केल्या. खणाला पन्हा कमी असतो, त्यामुळे मध्ये खण आणि भोवती साध्या कापडाची पट्टी घातली. माझ्या मते त्या पट्टीनेच ती उशी डोळ्यांना सोसते. एकीकडचा सोफा काढून तिथे गादी, लोड आणि तक्के घातले. आमचे पाहुणे बहुतेक साठीपलीकडचे असल्यामुळे दोन खुर्च्या ठेविल्या. गुडघ्यांना परंपरेचे प्रेम नसते.

एक हंडी जेवणाच्या टेबलावर टांगली. तिच्याखालून कुणी चालत नाही आणि तिचा उजेड आमटीवर पडतो. दुसरी बहिणीला दिली. समईतला विजेचा दिवा काढला. ती आता सणावारी तेलावातीवर जळते, एरवी पुसून देवाशेजारी असते. डबे स्वयंपाकघरात गेले, डाळीतांदळांसह. पातेली आणली असती, तर कल्हईचा प्रश्न आला असता, कारण आंबट पदार्थ तांब्यापितळेत बिनकल्हईचा चालत नाही. कोरड्या डाळीला ते भय नाही. बंब कसबा पेठेत तांबट आळीत दाखवून आणला. कारागिराने त्याला वाजवून पाहिले आणि सांगितले, "तांबं चांगलं आहे, पण पेटवणार कुठं?" तिसऱ्या मजल्यावर धूर करणे सोसायटीला मान्य होणारे नव्हते. कर्जतला शेतघर असलेल्या मेव्हण्याकडे तो गेला आणि तिथे पेटतो.

झोपाळ्याची कथा निराळी. तो खोलीच्या मध्यावर हवा, असे माझे स्वप्न. मिस्त्रीने छताकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, वाड्यात तुळई होती. इथं स्लॅबला चार माणसांचा झोका देऊ नका. बीमला कड्या लावू." बीम कुठे, तर खोली आणि गॅलरी यांच्या सीमेवर. मी नाखुशीनेच होकार दिला. आता संध्याकाळचा उजेड त्या जागी सर्वांत शेवटपर्यंत टिकतो आणि आई तिथे बसून वाती वळते, भाजी निवडते. कन्या तिथेच अभ्यास करते, निदान पुस्तक तरी तिथे असते.

राहिले घंगाळ. ते द्यायला मन होईना. शेवटी असे ठरले, की ते राहील, त्यात कोथिंबीर आणि पुदिना लावायचा नाही की पाकळ्या सोडायच्या नाहीत. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचे पाणी त्यातच काढायचे आणि ते घासायचे मी. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन बसतो. चिंचेतल्या आम्लाने काळा थर सुटतो, हे शास्त्र. पण लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसले नाही, तर तासाभरात डाग पडतात, हे आईने सांगितले. पहिल्या रविवारी ती झोपाळ्यावरून पाहत होती. "काठाच्या आतून घास," एवढेच म्हणाली. खांदा दोन दिवस दुखला.

हे सर्व पार पडल्यावर मी तिला एकदा विचारले, "तुला वाड्यातलं काही हवं होतं का?" खरे म्हणजे हे वाटणीच्या दिवशी विचारायचे. तेव्हा कुणालाच सुचले नाही.

ती थोडा वेळ वात वळत राहिली. मग म्हणाली, "माजघराच्या दारामागची खुंटी."

"कुठली खुंटी?"

"तुम्हांला नाही आठवायची. दारामागे होती. तिच्यावर माझी पिशवी असायची. वाचनालयाचं पुस्तक, चार पैसे, माझ्या आईची पत्रं. चौदा माणसांच्या घरात माझं म्हणून तेवढंच होतं. त्या पिशवीला कधी कुणी हात लावला नाही हो, तुझ्या आजीनंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळचा तास बदलून घेऊन मी वाड्यावर गेलो. चौकाला पत्रे लागले होते. कडीपाट उतरला होता, लाकूड वजनावर विकले जात होते, सुरूचा एक खांब साखळीसह आडवा पडला होता. माजघराची भिंत कमरेइतकी उरली होती आणि खुंटी असते ती डोक्याच्या उंचीवर. मजुरांच्या मुकादमाने मला आधी वेड्यात काढले. मग एका पोराला हाक मारली. जळणासाठी बाजूला टाकलेल्या ढिगातून त्याने पाच खुंट्या काढून दिल्या. सगळ्या सारख्याच, सागवानी, वापरून टोकाला गुळगुळीत झालेल्या. मी पाचही आणल्या. आईने त्या एकेक करून हातात घेतल्या आणि चौथी ठेवून घेतली. तिला कशावरून ओळखू आली, ते मी विचारले नाही.

वाड्याच्या जाड भिंतीत रुतलेले तिचे शेपूट वीतभर लांब होते आणि आमची भिंत चार इंचांची. सुताराने शेपूट कापून ती सागाच्या पट्टीवर बसविली. स्वयंपाकघराच्या दारामागे आता ती आहे. तिच्यावर कापडी पिशवी आहे. तिला रंग दिलेला नाही, पॉलिशही नाही.

परवा ते वास्तुशांतीवाले स्नेही सपत्नीक आले होते. झोपाळ्यावर बसले, हंडीची चौकशी केली, लक्ष्मीच्या चित्राची किंमत किती येईल याचा अंदाज सांगितला. जेवायला आत जाताना त्यांची नजर दारामागे गेली. "वा, खुंटीसुद्धा!" असे म्हणून त्यांनी खांद्यावरची शबनम पिशवी आईच्या पिशवीवर अडकविली. आई पाने मांडत होती. ती उठली, त्यांची पिशवी काढून तिने खुर्चीच्या पाठीला लावली आणि आपली नीट करून मग वाढायला लागली.