पहिल्या हाताआधी : सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सचिवांना खुले पत्र

मा. सचिव,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



राज्यातल्या लोखंडी पुलांच्या रंगकामाबद्दल हे पत्र लिहितो आहे. मी पोलादावरच्या संरक्षक रंगाचा निरीक्षक आहे. किनाऱ्यालगतच्या टाक्या, पाइपलाइनी, शेडचे सांगाडे यांच्यावर रंग नीट चढतो आहे की नाही हे पाहणे हे माझे रोजचे काम. माझी मागणी आधीच सांगून टाकतो. पोलाद साफ झाले की काम थांबले पाहिजे. प्रायमरचा पहिला हात बसण्याआधी त्या उघड्या पोलादाची तपासणी व्हावी, ती ठेकेदाराच्या पगारावर नसलेल्या माणसाने करावी, आणि त्याची सही झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि घरी निघालेली माणसे गेली. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत या पुलाला किरकोळ दुरुस्त्याच सुचवल्या होत्या. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा उभारणीनंतर वर्षही न होता पडला. त्याच्या काही दिवस आधी नट-बोल्टांना गंज चढल्याचे आपल्याच विभागाच्या मालवणच्या अभियंत्याने लेखी कळवले होते. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार जीव गेले. गर्दी हे कारण होतेच, पण पूल गंजलेला होता हेही तेव्हाच समोर आले. रंग नीट असता तर या घटना टळल्या असत्या, असा दावा मी करणार नाही. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि सगळी बांधकामे आपल्या विभागाची नव्हेत. पण गंज प्रत्येक ठिकाणी हजर होता. गंजाला अडवणारे पोलादाचे पहिले कवच रंगाचे असते, आणि त्या कवचाची तपासणी आपल्याकडे सर्वांत शेवटी, सर्वांत घाईने होते.

शेवटी तपासून काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. खाडीकाठच्या एका खासगी शेडच्या सांगाड्याचे काम होते. रंग पूर्ण झाल्यावर मला बोलावले. कागदावर २०० मायक्रॉन जाडी मागितली होती. गेज लावला तर २३०, २४०, कुठे २६०. सगळे खूश झाले. खालच्या फ्लँजच्या आतल्या बाजूला, जिथे ब्लास्टिंगची, म्हणजे दाबाने कण मारून पोलाद साफ करण्याची, नळी नीट पोहोचत नाही तिथे, मी चाकूचे टोक घातले. नखाएवढी खपली अलगद निघाली. वरून ती राखाडी, चकचकीत होती. उलटी केली तर पाठ तपकिरी, आणि बोटाला भुकटी लागली. चुंबकी गेज रंग ओळखत नाही. तो आपले टोक आणि खालचे पोलाद यांच्यामधले अंतर मोजतो. मध्ये गंज असेल तर तोही रंगाच्या हिशेबात धरतो. म्हणजे सफाई जितकी वाईट, तितका आकडा वाढण्याची शक्यता. तो सांगाडा कागदोपत्री पास झाला होता.

जमीन न झाडता, न खरवडता सारवली तर दोन दिवसांत पोपडे निघतात, हे गावाकडे कुणालाही ठाऊक असते. पोलादाचेही तसेच आहे, फक्त पोपडे निघायला दोन-तीन पावसाळे लागतात आणि तोवर बिल निघून गेलेले असते.

आता उघड्या पोलादावर काय पाहायचे ते सांगतो, कारण निविदेत एक ओळ लिहून भागण्यासारखे हे नाही.

पहिली गोष्ट सफाईची पातळी. आयएसओ ८५०१-१ या मानकात पोलादाच्या पृष्ठभागाची रंगीत छायाचित्रे आहेत. पुलाच्या कामाला बहुधा ‘एसए अडीच’ ही पातळी मागतात. म्हणजे गंज, मिलस्केल (पोलाद तापवून लाटताना त्यावर बसणारी पपडी), जुना रंग सगळे गेलेले, राहिलेच तर ठिपक्यांसारखे किंवा रेघांसारखे पुसट डाग. हातात तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर घेऊन ही पातळी येत नाही, त्याला ब्लास्टिंगच लागते. आणि ब्लास्टिंगने पोलाद नुसते साफ होऊन चालत नाही, ते खरखरीतही व्हावे लागते. ४० ते ७५ मायक्रॉन खोलीचे खाचखळगे असले की प्रायमर त्यात रुतून बसतो. ही खोली मोजायची सोपी टेप मिळते. ती पोलादावर घासायची, खाचांचा ठसा तिच्यावर उमटतो आणि तो गेजने मोजायचा. ती टेप अहवालाला चिकटवून ठेवली की पुढे कुणी वाद घालू शकत नाही.

दुसरी गोष्ट मीठ, आणि कोकणासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. ब्लास्टिंगनंतर पांढरेशुभ्र दिसणारे पोलादही खारट असू शकते. खाऱ्या वाऱ्याने आणलेले क्षार जुन्या गंजाच्या खड्ड्यांत दडून बसतात. त्यांच्यावर रंग चढला की ते रंगातून ओलावा ओढून घेतात आणि आतून फुगे येतात. क्षार डोळ्याला दिसत नाहीत, पण मोजता येतात. एक छोटा चिकट पॅच पोलादावर लावायचा, सिरिंजने त्यात शुद्ध पाणी सोडायचे, ते आतबाहेर खेळवून परत काढायचे आणि त्याची विद्युतवाहकता पाहायची. याला ब्रेस्ले चाचणी म्हणतात. समुद्राजवळच्या कामांत बहुधा चौरस मीटरला २० ते ५० मिलिग्रॅमच्या दरम्यान मर्यादा ठरवतात. आकडा त्याच्या वर गेला तर गोड्या पाण्याने जोरात धुवायचे, पुन्हा ब्लास्ट करायचे, पुन्हा मोजायचे. धुण्याचे पाणीही तपासावे लागते, कारण किनाऱ्यालगतच्या कित्येक बोअरवेलचे पाणी मचूळ असते आणि त्याने धुणे म्हणजे मीठ पसरवणे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पावसाने पुलाची वरची बाजू धुऊन निघते, खालची निघत नाही. डेकच्या पोटाला, गर्डरच्या सांध्यांत, बेअरिंगच्या आजूबाजूला वर्षानुवर्षे मीठ साचत राहते. क्षार तिथेच मोजायला हवेत आणि रंगही तिथेच जपून मारायला हवा. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र फक्त कठडा दिसतो.

तिसरी गोष्ट दव. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे आणि हवेची आर्द्रता सर्वसाधारणपणे ८५ टक्क्यांच्या आत हवी, हा या धंद्यातला जुना नियम आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या थोडा वर येतो. मग पोलाद निदान २७ अंशांच्या वर पाहिजे. पहाटे उघड्यावरचा गर्डर हवेपेक्षाही गार असतो. हात फिरवला तर कोरडा लागतो, पण त्यावर ओलाव्याचा थर बसलेला असू शकतो. मजूर मात्र सकाळी सातलाच हजर असतात, कारण दुपारी ऊन सोसत नाही. अशा वेळी थर्मामीटर बघून ‘अजून दोन तास थांबा’ म्हणणारा कुणीतरी तिथे असावा लागतो. ठेकेदाराने नेमलेल्या निरीक्षकाला हे म्हणणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. त्याचा पगार त्या दोन तासांच्या मजुरीतूनच निघत असतो.

जाडीबद्दल थोडेच बोलतो. ती मोजायची पद्धत आयएसओ १९८४० मध्ये नीट दिली आहे : सरासरी ठरलेल्या जाडीइतकी हवी, आणि एकही वाचन तिच्या ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पण वाचने बहुधा सपाट पत्र्यावर घेतली जातात, आणि पूल गंजायला लागतो तो कडांवर, वेल्डवर, बोल्टच्या डोक्यांवर. ओला रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर विरळ राहतो. म्हणून कडा गोल घासून घ्यायच्या आणि फवारणीआधी त्या जागांवर ब्रशने एक वेगळा हात मारायचा. याला स्ट्राइप कोट म्हणतात. दरसूचीत त्याची स्वतंत्र बाब ठेवून पैसे दिले तरच तो मारला जाईल. तो चौरस मीटरच्या दरात गृहीत धरला तर साइटवर कुणी मारत नाही.

मजुरांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत सिलिका जाते आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. नाकाला रुमाल बांधलेली विशीतली मुले त्या धुरळ्यात उभी असलेली मी पाहिली आहेत. निविदेत स्टील ग्रिटसारखे पर्याय आणि हवा पुरवणारे हेल्मेट सक्तीचे करा, आणि त्याचे पैसे द्या. जुन्या पुलांवर शेंदराचा, म्हणजे शिसे असलेला प्रायमर असण्याची दाट शक्यता असते. तो उडवताना भोवती ताडपत्रीची बंदिस्ती नसेल तर शिसे मजुराच्या अंगावर आणि खालच्या नदीत जाते. त्या नदीचे पाणी पुढच्या गावात माणसे पितात. जुना रंग काढण्याआधी त्यात शिसे आहे का, ही तपासणी महाग नाही आणि ती टाळायला कोणतेही कारण पुरेसे नाही.

हे सगळे आपल्या राज्याला न झेपणारे आहे, असे कुणी सांगेल. पण जहाजांच्या धंद्यात हे नवे नाही. सन २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने व्यापारी जहाजांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी रंगाचे मानक मंजूर केले. रंग १५ वर्षे टिकावा हे त्यात उद्दिष्ट आहे, निरीक्षक पात्रताधारक असणे बंधनकारक आहे, आणि सफाईपासून शेवटच्या थरापर्यंतच्या नोंदींची कोटिंग फाइल जहाज मोडीत निघेपर्यंत जहाजावर ठेवावी लागते. कोकण किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या जहाजाच्या पोटात अशी फाइल असते. किनाऱ्यावरच्या पुलालाही ती असायला हरकत काय? त्या फाइलमध्ये रोजचे तापमान-आर्द्रता, क्षारांचे आकडे, टेपचे ठसे, रंगाचे बॅच क्रमांक आणि वाचनांचा नकाशा ठेवा, आणि ती लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी लावा. बदलून आलेल्या नव्या अभियंत्याला आज पुलावर कोणता रंग आहे हेच कळत नाही, म्हणून तो जुन्याशी न जमणारा रंग वर मारून मोकळा होतो.

खर्चाचा मुद्दा येणारच. स्कॉटलंडमधल्या १८९० च्या फोर्थ रेल्वे पुलाची रंगरंगोटी कधीच संपत नाही, अशी तिकडे म्हणच पडली होती. शेवटी त्यांनी पोलाद उघडे होईपर्यंत ब्लास्ट केले, एपॉक्सीची तीन थरांची प्रणाली दिली आणि २०११ च्या अखेरीस काम संपवले. हा रंग किमान २५ वर्षे टिकेल अशी त्यांची अपेक्षा आहे. एकदा नीट केलेल्या कामाचा खर्च आणि दर तीन वर्षांनी वरवर मारलेल्या हातांचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा, एवढेच मी म्हणतो. आयएसओ १२९४४ नुसार समुद्रकाठच्या तीव्र, म्हणजे सी-५ वर्गाच्या वातावरणात उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजते. आणि गंज अजून थोडा असतानाच पहिली मोठी देखभाल करावी, असे तेच मानक सुचवते. आपल्याकडे एवढ्या गंजाकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही.

आता प्रत्यक्ष विनंती. किनाऱ्याजवळच्या, आपल्या अखत्यारीतल्या लोखंडी पुलांची यादी करा. पुढच्या प्रत्येक रंगकामाच्या निविदेत सफाईनंतरची सक्तीची थांबा-तपासणी घाला. निरीक्षक विभागाने नेमावा, त्याचे मानधन विभागाने द्यावे, आणि त्याच्या सहीचा अहवाल जोडल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत रंगाची नोंद होऊ नये. रंगाचा दोष दायित्व कालावधी निदान पाच वर्षांचा ठेवा आणि त्यात दर पावसाळ्यानंतर संयुक्त पाहणी करा. पात्रताधारक निरीक्षक मुंबई-पुण्यात आहेत, ते तेल आणि जहाजांच्या कामांत गुंतलेले आहेत. बोलावले तर ते येतील. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांना गेज, ब्रेस्ले पॅच आणि दवबिंदूचा तक्ता शिकवायला आम्ही काही जण विनामोबदला यायला तयार आहोत.

एक गोष्ट मात्र वेळेवर व्हायला हवी. रंगकामाचे आदेश मेमध्ये, पावसाच्या तोंडावर निघाले की वरचे सगळे नियम बाजूला पडतात, कारण मग पाऊस यायच्या आत उरकण्याखेरीज कुणाच्याच हातात काही उरत नाही. कोकणात पोलादाच्या रंगाचे खरे महिने डिसेंबर ते मार्च. त्यासाठी निविदा ऑक्टोबरमध्ये निघायला हव्यात, आणि त्यात थांबा-तपासणीची अट यायची तर परिपत्रक सप्टेंबरअखेर निघायला हवे. ते यंदाच काढावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक कोटिंग निरीक्षक