रंगाचे पाणी आणि उन्हाचा उपाय

मालेगाव, भिवंडीकडे सूत-कापड रंगवणाऱ्या आपल्या बांधवांपुढे रंगीत सांडपाण्याचा प्रश्न जुनाच आहे. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा उपाय सुचवला जातो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात पडते तीच ही पावडर. अतिनील किरण पडले की तिच्यामुळे पाण्यातल्या रंगाचे रेणू तुटतात. ती स्वतः खर्ची पडत नाही. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांच्या प्रयोगाने या संशोधनाला चालना मिळाली.

परंतु ‘पावडर टाका, ऊन दाखवा’ एवढ्यावर भुलून पैसा गुंतवू नये. उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के. गडद पाण्यात ते खोलवर जात नाहीत. मीठ तसेच राहते, पावडर गाळून परत काढावी लागते. म्हणून आधी गाळ बसवावा, नेहमीची शुद्धी करावी आणि उरलेल्या फिक्या रंगापुरताच हा उपाय योजावा.

एकट्या कारखानदाराला हे झेपणार नाही. दहा-वीस जणांनी मिळून सामाईक टाकी बांधावी. यंत्र घेण्यापूर्वी आपल्याच पाण्याचा नमुना नागपूरच्या ‘नीरी’सारख्या संशोधन संस्थेला दाखवावा. आपल्याला वुजूसाठी पाक पाणी लागते. मग शेजाऱ्याची विहीर नासवून केलेल्या कमाईत बरकत कुठली?